जुन्या फोनची मोड

आमच्याकडे जुनी वस्तू टाकून देत नसत, मोडीत देत. 'मोड' हा शब्द आता सोनाराच्या दुकानापुरता उरलाय, पण माझ्या लहानपणी तो घरोघरी होता. तांब्याचा हंडा बुडाला झिजला, पितळेचं पातेलं चेपलं की ते पोत्यात घालायचं आणि लोकलनं तळेगावला नाहीतर थेट पुण्याला न्यायचं. कासार ते तागडीत टाकायचा, घट वजा करायचा आणि राहिलेल्या वजनाचा भाव नव्या भांड्याच्या किमतीत धरायचा. पुण्याच्या तांबट आळीत अशी कितीतरी जुनी भांडी भट्टीत वितळली आणि नव्या आकारात बाहेर आली. आज मोबाईलच्या दुकानाबाहेर 'एक्स्चेंज ऑफर'चा फलक लागतो तेव्हा तरुण पोरांना वाटतं, ही काहीतरी नवी युक्ती निघाली. आमच्या आजीला ती शंभर टक्के ठाऊक होती. फक्त ती कासाराशी घट किती धरतोस यावर अर्धा तास भांडायची, आणि आता तसं भांडता येत नाही.

भांड्यांचं असं, तर कपड्यांचं वेगळं. दारावर बोहारीण यायची. जुनी लुगडी, धोतरं, सदरे घेऊन त्या बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर डबा द्यायची. पण तिच्या हाती लागायचं ते उरलंसुरलं. आधी थोरल्याचा सदरा धाकट्याला व्हायचा, त्याच्याकडून शेजारच्या पोराला जायचा, मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, आणि अगदीच चिंध्या झाल्या की कंदिलाची काच पुसायला. घरात वस्तू वरून खाली उतरायची. आजोबांचं बापाला, बापाचं लेकाला. घड्याळ, कंबरपट्टा, छत्री, सायकल, सगळ्यांची वाट तीच.

फोननं ही वाट उलटी केली.

फोन आमच्या भागात उशिरा आला. वडगाव तालुक्याचं गाव. १७७९ साली इथंच इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला म्हणून इतिहासाच्या पुस्तकात नाव. मुंबई-पुणे रेल्वे दारातून जाते, जुना हायवे जवळून जातो. तरी टेलिफोन म्हणजे कचेरी, पोस्ट आणि दोन-चार व्यापारी. पुण्याला शिकणाऱ्या पोरानं घरी निरोप द्यायचा तर तो लोकलमधून येणाऱ्या माणसाबरोबर. पुढं ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदांच्या आग्रहानं सी-डॉट ही संस्था निघाली, देशी एक्स्चेंज गावागावात पोचली आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. काचेची खोली, आत लाल आकडे पळणारं मीटर आणि शेवटी टरटर करत बाहेर येणारी बिलाची चिठ्ठी. रात्र चढली की दर उतरायचे, म्हणून लोक जेवणं उरकून रांगेला यायचे. बोलायचं काय ते आधी मनात घोकून ठेवलेलं. मीटर पळतंय म्हटल्यावर कोण रडतंय नि कोण रुसतंय!

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आमच्याकडं कुणी त्या भानगडीत पडलं नाही. बदल झाला तो २००२-०३ च्या सुमारास. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि त्याच वर्षी रिलायन्सनं पाचशे एक रुपये भरून हातात फोन द्यायची योजना आणली. आलेल्या फोनला पैसे नाहीत हे कळल्यावर गावानं मिस्ड कॉलची एक भाषाच तयार केली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे तूच कर, माझ्यात पैसे नाहीत.

वडिलांनी घेतला तो नोकिया ११००. तोही २००३ चाच. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास खपलेला हा फोन. कुणीतरी आमच्या मावळचा पाऊस बघूनच बनवलाय असं वाटावं असा. बटणांवर रबराचं एकसंध कव्हर, धूळ आत जायची नाही. कडेला खरखरीत पकड, ओल्या हातातून निसटायचा नाही. आणि डोक्यावर बॅटरी. ती बॅटरी हा त्याचा खरा धर्म. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत आषाढ लागला की वीज चार चार दिवस गायब. रात्री खाचरात पाण्याची वाट फोडायला जाताना, ओढ्याला खेकडे धरताना, गोठ्यात गाय व्यायला झाली तेव्हा, हाच उजेड. रेंज यायची नाही, त्यासाठी टेकाड चढावं लागायचं. पण रेंज नसली तरी फोन खिशात पाहिजेच, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून. कित्येकांनी तो फोन म्हणून कमी आणि कंदील म्हणून जास्त वापरला.

मग पोरं कामाला लागली. तळेगाव, चाकणच्या कंपन्यांत पगार सुरू झाले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि वर्षभरात ज्याच्या त्याच्या हातात काचेचा फोन दिसू लागला. आणि इथं ती वाट उलटली. पोरगा नवा फोन घ्यायचा आणि जुना बापाला द्यायचा. बापाचा आईकडे यायचा. आईचा बटणवाला आजीकडे. धाकट्याची वस्तू थोरल्यानं वापरायची, आणि ती कशी वापरायची ते धाकट्यानंच शिकवायचं, हे आमच्या घरांत आधी कधी झालं नव्हतं. सत्तरीचा म्हातारा नातवाच्या पुढ्यात बसून 'आता कुठं दाबू?' म्हणून विचारतोय, आणि नातू 'आबा, दाबायचं न्हाय, सरकवायचं' म्हणून करवादतोय. या एका वाक्यात घरातला मोठेपणा केवढा हलला, ते आम्हाला त्या वेळी कळलं नाही.

तरी जुने फोन संपूर्ण निकामी कधी झाले नाहीत. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि धडे फोनवर येऊ लागले. तेव्हा फळीवरचे, ट्रंकेतले, देव्हाऱ्याखालच्या खणातले काच तडकलेले फोन बाहेर निघाले. रबर लावून बॅटरी घट्ट केली, चार्जरची वायर एका ठरावीक कोनात धरली की चालायचे. ज्या घरानं ते आधीच विकले होते त्या घरची पोरं शेजारच्या ओट्यावर बसली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक लागणार. ज्यांनी आयुष्यभर तलाठ्याच्या दप्तराकडं बघितलं, त्यांना आता पोराच्या उतरलेल्या फोनकडं बघावं लागलं. जुना फोन त्या दिवसापासून शेतीचं अवजार झाला. खंडेनवमीला विळा, कोयता, पहार यांच्या ओळीत तोही मांडलेला मी पाहिलाय, वर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल.

मग ठेवायचं किती आणि द्यायचं किती?

यावर मला आमच्या गावचीच एक गोष्ट आठवते, आणि ती फोनची नाही, भाताची आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी हे वाण दिलं. आज मावळ म्हटलं की इंद्रायणी, पण त्याआधी मावळ म्हणजे आंबेमोहोर होता. एका घरात शिजला की आळीला कळायचं. पण उतारा कमी, आणि वारा-पावसात आडवा व्हायचा. इंद्रायणी आला आणि शेतकऱ्यांनी खाचरं बदलली. आमच्या घरी मात्र एक वाफा आंबेमोहोराचा राहिला, सणाच्या भातापुरता. 'समदंच नवं केलं तर जुन्याची चव इचारायची कुणाला?' असं वडील म्हणायचे. मला पुढं कळलं की इंद्रायणीच्या बापजाद्यांत एक आंबेमोहोरच आहे. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो निघाला. म्हणजे जुनं सगळं टाकलं नव्हतं. त्यातलं जे घ्यायचं ते नव्यात घेतलं होतं.

वडील गेल्यावर त्यांचा ११०० खणात राहिला. भाऊ म्हणाला, देऊन टाकू. आई म्हणाली, 'र्‍हाऊ दे त्यो. खातोय का काय?' त्या फोनमध्ये फोटो नाही, आवाज नाही. पण पन्नास नावांची जागा होती आणि ती भरलेली होती. 'तलाठी जुने', 'तलाठी नवे', 'वायरमन', 'कामशेत अडत', 'भात मशीन', 'ट्रॅक्टर लाल', 'दवाखाना रात्री', 'विहीन'. कुणाच्या नावापुढं आडनाव नाही, काम आहे. एका कुणब्याला वर्षभर कुणाकुणाची गरज पडते, त्याचा तो दाखला होता. अर्ध्याहून जास्त नंबर आता बंद आहेत. मी ते सगळे एका वहीत उतरवून घेतले, ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं.

नंबराचं दुखणं वेगळं. फोन मोडीत देता येतो, नंबर नाही. बँकेचं पासबुक, सोसायटीचं कर्ज, गॅस, सगळ्याला वडिलांचा नंबर जोडलेला. फेरफार होऊन वारसांची नावं लागेपर्यंत निरोप तिथंच येत राहिले. रिचार्ज थांबलं की काही काळानं नंबर बंद होतो आणि पुढं कुणा अनोळख्याला मिळतो. म्हणून आम्ही कागद पुरे होईस्तोवर त्यात पैसे भरत राहिलो. ज्यांनी भरले नाहीत त्यांना एकेका कचेरीत चार चार खेपा घालाव्या लागल्या. माणूस गेल्यावर तेराव्याच्या यादीत हेही एक काम आता लिहून ठेवावं.

आता बोहारणीच्या जागी टेम्पो येतो. भोंग्यावर पुकारा असतो, बंद पडलेला मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या. रीत ओळखीची आहे म्हणून बाया पटकन देतात. पण लुगड्यात आपली ओळख नव्हती, फोनमध्ये आहे. २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी असेच गावोगाव गोळा केलेले काही हजार जुने फोन पकडले. सायबर फसवणुकीसाठी ते पाठवले जात होते असं तपासात पुढं आलं. म्हणून देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढावं, फोटो दुसरीकडं घ्यावेत, आपली खाती बंद करून फोन कोरा करावा. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नये, टोचू नये, चुलीत तर अजिबात टाकू नये. तांब्यासाठी वायरी जाळतात त्याचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांवरच जुना माल परत घेण्याची जबाबदारी आहे. कासाराचीच रीत ती, फक्त कायद्यात लिहिलेली.

आणि मोडीला मोल आहे हे जपान्यांनी दाखवून दिलं. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं त्यांनी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंतून केली. त्यात बासष्ट लाखांच्या आसपास मोबाईल होते. बत्तीस किलो सोनं निघालं, साडेतीन हजार किलो चांदी. म्हणजे आमच्या आजीसारखी माणसं तिकडंही असणार.

नुसतं फेकून हलकं होता येत नाही, हे या गावाला फार जुनं माहीत आहे. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि दारूगोळा, सामान पेटवून दिलं. ओझं कमी झालं की वाट सुटेल असा हिशोब होता. वडगावपर्यंतच पोचले. महादजी शिंद्यांच्या फौजेनं गाठलं आणि १६ जानेवारीला तहावर सही करावी लागली. जाणाऱ्यानं मागं काय टाकलं, ते मागच्यांच्या उपयोगी पडतंच. आमच्या खणातले तीन जुने फोन देताना मी एवढंच बघितलं की मागं जाणाऱ्यात आपलं असं काही राहिलेलं नाही. दोन दिले. ११०० ठेवलाय. चार्ज केला की त्याची बॅटरी अजून लागते, आणि पावसाळ्यात वीज अजूनही जातेच.