सुईचा कित्ता

जे पुस्तक जपून ठेवले जाते ते टिकते आणि जे पुरतेपणी वापरले जाते ते नाहीसे होते. हा नियम भरतकामाच्या पुस्तकांना जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या ग्रंथांना पडत असेल. सोळाव्या शतकात युरोपात अशी पुस्तके पुष्कळ छापली गेली. परंतु त्यांतील कित्येकांची आज एखाददुसरीच प्रत शिल्लक आहे. या संहारास आग किंवा वाळवीपेक्षा सुईच अधिक कारणीभूत झाली.

सुमारे 1523-24 च्या काळात जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथील योहान शोन्सपेर्गर या मुद्रकाने भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके छापण्यास आरंभ केला. त्यांत मजकूर अगदी थोडा आणि आकृत्याच अधिक असत. वेली, पक्षी, नक्षीच्या पट्ट्या, चौकटींत आखलेली फुले, अशी ती सामग्री होती. ही आकृती कापडावर उतरवायची कशी, हे अलेस्सांद्रो पागानिनो या इटालियन मुद्रकाच्या 1530 नंतरच्या एका पुस्तकातील चित्रावरून कळते. त्यात स्त्रिया नमुने उतरवून घेत आहेत. कोणी खिडकीच्या उजेडावर कागद धरून रेघा गिरवीत आहे, कोणी त्यासाठी मेणबत्तीचा उजेड घेत आहे. सर्वांत रुळलेली रीत निराळीच होती. आकृतीच्या रेषेवरून सुईने बारीक भोके पाडीत जायचे, पान कापडावर पसरायचे आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवायची. कापडावर ठिपक्यांची रांगोळी उमटे आणि तिच्यावरून टाका चाले. पाचदहा वेळा असे झाले की पानाची चाळण होई. म्हणजे पुस्तकाचा अंत हाच त्याच्या उपयोगाचा पुरावा होता.

या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नावे मात्र बहुधा पुरुषांचीच आढळतात. फेदेरिको दि व्हिंचिओलो या व्हेनिसच्या कलावंताचे लेसच्या नमुन्यांचे पुस्तक 1587 साली पॅरिसमध्ये निघाले, ते फ्रान्सच्या राणीस अर्पण केलेले होते आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ज्या हातांनी शतकानुशतके टाके घालून हे आकार घडवले, त्या हातांचा उल्लेख तेथे नाही. मुद्रकाने जे छापले ते पुष्कळदा घरोघरी पूर्वीच शिवले जात होते. स्त्रिया आपले नमुने कापडाच्या लांब पट्टीवर टाक्यांनीच टिपून ठेवीत, आणि आईची पट्टी लेकीला मिळे. छापील पुस्तक आले ते या कापडी वहीच्या मागून.

म्हणूनच झुरिक येथे 1561 साली फ्रोशावर या मुद्रकाने छापलेल्या एका पुस्तकाचे मोल मोठे आहे. ते लिहिले एका स्त्रीने, लेस विणण्याची कला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने. व्हेनिसचे व्यापारी 1536 मध्ये ही लेस आपल्या प्रदेशात घेऊन आले, चतुर स्त्रियांनी ती पाहून तिची नक्कल केली आणि पुढे मूळ नमुन्यांहून सुंदर असे नवे नमुने स्वतः रचले, असे ती प्रस्तावनेत सांगते. कित्ता गिरवता गिरवता हात स्वतंत्र कसा होतो, याची ही विश्वासार्ह साक्ष होय. परंतु ही साक्ष देणारीने आपले नाव पुरते दिले नाही. ‘आर. एम.’ ही दोन अक्षरे तेवढी इतिहासाच्या हाती लागली आहेत. पुढे शतक संपता संपता रोममध्ये इसाबेला पारासोले या स्त्रीचे पूर्ण नाव अशा पुस्तकांवर झळकले, तेव्हा तो एक लहानसा विजयच होता.

एकोणिसाव्या शतकात या पुस्तकांचे रूप पालटले. ऑस्ट्रियात 1846 साली जन्मलेल्या तेरेझ द दिल्मों यांचा भरतकामाचा ज्ञानकोश 1886 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला. सुई कशी धरावी, दोरा कोठून वर काढावा, हे त्यात पायरीपायरीने चित्रांसह सांगितले आहे. आल्सेस प्रांतातील डीएमसी या दोरा तयार करणाऱ्या कारखान्याशी बाईंचा निकट संबंध होता, आणि पुस्तकात त्याच कारखान्याच्या दोऱ्यांची शिफारस आहे. विद्या आणि व्यापार यांची ही सोयरीक होती. तरीही ज्या स्त्रीला शिकवणारे घरात कोणी नव्हते, तिला या पुस्तकाने गुरू मिळवून दिला.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मेरी वेब्स्टर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्या गोधड्यांच्या रचनेकडे वळल्या. बागेतील फुलांवरून सुचलेल्या त्यांच्या गोधड्या 1911 पासून एका लोकप्रिय महिला-मासिकात छापून आल्या, आणि ठिकठिकाणच्या स्त्रिया नमुन्यांची मागणी करू लागल्या. 1915 साली त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात गोधडी शिवण्याची रीत आणि गोधडीचा इतिहास ही दोन्ही एकत्र आली. रीत सांगणाऱ्या पुस्तकात इतिहास यावा, ही गोष्ट लहान नव्हे. आपण जे करतो त्याला पूर्वपरंपरा आहे, हे त्यामुळे करणारीला उमगले.

भारतात मात्र ही वाट उलट दिशेने चालली. बंगालच्या कांथेचा, म्हणजे जुन्या साड्या-धोतरांच्या थरांवर धावदोऱ्याने चित्रे भरलेल्या गोधडीचा, अभ्यासपूर्ण परिचय स्टेला क्रामरिश यांनी 1939 साली एका लेखात करून दिला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या कांथा शिवली गेली ती पुस्तकाविना. पण तेथेही एक नाव उरले आहे. गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातील एक कांथा आहे. ती मानदासुंदरी नावाच्या कन्येने पित्यासाठी आपल्या हाताने शिवली, असे तिच्यावर दोऱ्यानेच लिहिलेले आहे. झुरिकच्या शिक्षिकेने छापील पानावर जे नाव झाकले, ते बंगालच्या लेकीने कापडावर उघडपणे भरले.

महाराष्ट्रातील गोधडीही पिढ्यान्‌पिढ्या शिवली गेली ती पुस्तकाविना आणि नावाविना. नऊवारी लुगड्याचे मऊ थर कसे लावावेत, टाका कडेकडेने आत कसा न्यावा, हे सुनेने सासूच्या शेजारी बसून उचलले. अशा विद्येचे पुस्तक झाले तर तिचा जिवंतपणा हरपेल, अशी भीती कोणास वाटणे शक्य आहे. परंतु चार शतकांचा अनुभव तसे सांगत नाही. झुरिकच्या स्त्रियांनी नक्कल केली आणि मग त्या नकलेच्या पलीकडे गेल्या. शेजारी बसवून शिकवणारी सासू जेथे उरत नाही, तेथे लिहिलेला कित्ताच काय तो हात धरतो. तो लिहिला जावा आणि त्यावर शिवणारीचे नाव असावे, इतकेच मागणे. मग त्या पानांची सुईने चाळण झाली, तरी खंत करण्याचे कारण नाही.