प्रिव्हेंट (क्रियापद)

प्रिव्हेंट हे इंग्रजी भाषेतील एक क्रियापद आहे. आज त्याचा अर्थ 'रोखणे' किंवा 'प्रतिबंध करणे' असा असला, तरी त्याचा मूळ अर्थ 'आधी येणे' हा आहे. जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना हा फरक लक्षात न घेतल्यास वाक्याचा अर्थ उलटा लागण्याची शक्यता असते.

व्युत्पत्ती

हा शब्द लॅटिन 'प्राएव्हेनिरे' या क्रियापदापासून आला आहे. त्यातील 'प्राए' म्हणजे आधी आणि 'व्हेनिरे' म्हणजे येणे. हा शब्द इंग्रजीत १५व्या शतकात रूढ झाला.

जुना वापर

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये हा शब्द मूळ अर्थाने येतो. स्तोत्रसंहितेच्या ११९व्या स्तोत्रात (ओवी १४७) भक्त पहाट होण्याआधीच उठून देवाचा धावा करतो. मत्तय १७:२५ मध्ये पेत्राने काही बोलण्याआधी येशू बोलतो. या दोन्ही ठिकाणी हेच क्रियापद आहे.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील ४:१५ हे वचन विशेष महत्त्वाचे आहे. प्रभूच्या आगमनापूर्वी मरण पावलेल्या आप्तांचे काय होणार, या चिंतेत असलेल्यांना पौल तेथे धीर देतो. जिवंत असलेले लोक मृतांच्या आधी जाणार नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. आजचा अर्थ घेतल्यास मात्र 'जिवंत लोक मृतांना अडवणार नाहीत' असा भलताच आशय निघतो. म्हणून १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत येथे 'प्रिसीड' हा शब्द योजला गेला.

अर्थांतर

एखाद्याच्या आधी पोहोचणारा त्याचा बेत निष्फळ करू शकतो. त्यामुळे 'आधी येणे' यातून 'आधीच कृती करून हाणून पाडणे' आणि पुढे केवळ 'रोखणे' असा अर्थ विकसित झाला. मूळ अर्थ कालांतराने लुप्त झाला. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील 'प्रिव्हीनियंट' या विशेषणात मात्र तो टिकून आहे. माणसाच्या प्रतिसादाआधी येणाऱ्या ईश्वरी कृपेसाठी ते वापरतात.

इतर भाषांत

फ्रेंचमधील 'प्रेव्हनीर' या क्रियापदाचे 'आधी सूचना देणे' आणि 'टाळणे' असे दोन्ही अर्थ आजही प्रचलित आहेत. त्याच धातूपासून बनलेल्या 'प्रेव्हनां' या विशेषणाचा अर्थ 'दुसऱ्याची गरज आधीच ओळखणारा' असा होतो. जर्मन 'त्सूफोरकोमेन' या क्रियापदाची घडणही 'आधी' आणि 'येणे' अशीच आहे.