भूक आणि चरबीचा निरोप



आमचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर. वर्धेकाठच्या या गावातून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. एकादशीचे एवढे महत्त्व, तेव्हा 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही घरोघरी ठाऊक. उपासाने भूक दुप्पट होते ती जिभेच्या चोचल्यांनी, असा म्हणीचा रोख. पण भुकेचा इतिहास वाचला तर दोष एकट्या जिभेचा नाही असे दिसते.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एक उंदराचे वाण सापडले, त्याची माहिती १९५० साली प्रसिद्ध झाली. हे उंदीर सारखे खात आणि इतरांच्या तिप्पट वजनाचे होत. पुढे दुसरे एक तसेच लठ्ठ वाण मिळाले. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन-दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडून पाहिले. १९७३ पर्यंत त्यांचा निष्कर्ष पक्का झाला : पहिल्याच्या रक्तात 'पुरे' असा निरोपच नाही, दुसऱ्याच्या रक्तात निरोप भरपूर, पण तो ऐकणारे काही नाही!

निरोप कोणाचा, हे १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांनी शोधले. तो चरबीतून निघतो. ग्रीक 'लेप्टॉस' म्हणजे सडपातळ, त्यावरून नाव पडले लेप्टिन. ते रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला साठा किती आहे ते कळवते. उपासात लेप्टिन उतरते आणि मेंदू दुष्काळ आल्यासारखा भूक वाढवतो. (पोटाचेही निरोप असतात, सगळे श्रेय लेप्टिनला नको.)

१९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांना एकाच नात्यातली दोन मुले भेटली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९! दोघांत लेप्टिन जवळजवळ नव्हते. अशा मुलांना ते टोचून दिल्यावर भूक ताळ्यावर आली. बाकीच्या बहुतेक लठ्ठ माणसांत मात्र लेप्टिन भरपूर असते, मेंदूच दाद देत नाही. म्हणून ते सर्वांचे औषध झाले नाही.

आता आपल्याकडचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत हाडमांस कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुण्यातील बाळांच्या नाळेतल्या रक्तातही वजनाच्या मानाने लेप्टिन चढेच. २००४ साली त्यांनी स्वतःची तुलना जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राशी केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, मित्राची ९.१!

माझा धाकटा भाऊ काडीसारखा. चाळिशीत त्याला मधुमेह निघाला तेव्हा घरात कोणाचा विश्वास बसेना. 'वाळक्या माणसाला कुठली आली साखर?' म्हणून वर्षभर औषध लांबले, डोळ्यांवर निभावले.

असो. नातेवाईक मंडळींना एवढीच विनंती, बारीक असाल तरी चाळिशीनंतर रक्तातली साखर तपासत चला. आणि घरातल्या जाड पोराला पंगतीत 'खादाड' म्हणू नका. त्याच्या मेंदूला कोणता निरोप पोचतो, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.