आंबे येथील खोलेश्वर व रामनारायण : देवनामांविषयी एक विचार

बीड जिल्ह्यातील प्राचीन देवालये पाहावयास निघालेला अभ्यासक बहुधा बीड शहरातील कंकालेश्वरापासून आरंभ करतो. तळ्याच्या मध्यभागी उभे असलेले हे पाषाणाचे देवालय पाहताच, कंबुज देशाची वास्तुकला ज्याच्या वाचनात आली आहे, त्यास लोलेईचे स्मरण होणे साहजिक आहे. पहिल्या यशोवर्म्याने इ. स. ८९३ मध्ये इंद्रतटाक नामक विस्तीर्ण जलाशयातील बेटावर लोलेईची चार विटकाम-प्रासादांची स्थापना केली. तो जलाशय आज कोरडा असून त्याच्या तळाशी शेते पिकतात. बीडच्या तळ्याशी त्याची तुलना आकाराने मुळीच होणार नाही. तथापि लोलेईच्या बाबतीत अधिक महत्त्वाची गोष्ट जलाशयाची नव्हे, नावांची आहे. तेथील एक देव इंद्रवर्मेश्वर, म्हणजे यशोवर्म्याचा पिता इंद्रवर्मा याच्या नावाचा ईश्वर होय.

कंकालेश्वर हे नाव या वर्गात बसत नाही. कंकाल हे शिवाचेच एक रूप आहे. धर्मापुरीचा केदारेश्वर हाही तीर्थावरून नाव पावलेला देव. 'ईश्वर' हा शब्द अंती आला की त्यापूर्वी एखादा पुरुष शोधू लागणे, हा मोह आवरला पाहिजे. परंतु अंबेजोगाईस, म्हणजे शिलालेखांतील आंबे येथे, परिस्थिती निराळी आहे.

यादव नृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी निगडित असे आंबे येथील लेख ग. ह. खरे यांनी 'दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने' या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. खोलेश्वर ब्राह्मण होता. त्याने विदर्भात अग्रहार वसविले आणि अमरावती जिल्ह्यातील खोलापूर हे गावही त्याचेच नाव धारण करते, असे मानतात. त्याचा पुत्र राम हा गुर्जरांवरील स्वारीत नर्मदेच्या तीरी पडला. त्याच्या स्मरणार्थ भगिनी लक्ष्मी हिने देवालय उभारले. शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखात हा वृत्तान्त आला आहे. देवाचे नाव रामनारायण. मृत भ्रात्याचे नाव आणि विष्णूचे नाव येथे एक झाले आहे.

ही प्रथा आली कोठून? बृहत्तर भारताच्या कल्पनेने भारलेल्या एका पिढीने कंबुजातील प्रत्येक गोष्ट दक्षिणेतून गेली असे सहज लिहिले. दख्खनमध्ये ही प्रथा जुनी आहे, यात शंका नाही. पट्टदकल येथील विजयेश्वर हा चालुक्य विजयादित्याच्या, आणि लोकेश्वर हा राणी लोकमहादेवीच्या नावाचा. दोन्ही इसवी सनाच्या आठव्या शतकातील. परंतु चंपादेशात भद्रवर्मा राजाने भद्रेश्वराची स्थापना त्याच्या कितीतरी आधी केली होती. उलट मथुरेच्या स्तंभलेखात, गुप्त संवत् ६१ (इ. स. ३८०) मध्ये, उदिताचार्याने आपल्या गुरूंच्या नावे कपिलेश्वर व उपमितेश्वर यांची स्थापना केल्याचे आढळते. सारांश, दख्खन आणि कंबुज ही एकाच जुन्या शैव परंपरेची दोन दूरची घरे मानणे अधिक सयुक्तिक. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे म्हणावयास आधार नाही.

भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. इंद्रवर्म्याने इ. स. ८७९ मध्ये प्रा-को येथे पिता, मातामह व पूर्वीचा राजा यांना देवनामे दिली; पृथिवींद्रेश्वर, रुद्रेश्वर, परमेश्वर. तेथे राजकुलाची प्रतिष्ठा आणि देवाची प्रतिष्ठा एकमेकींत गुंतलेली आहेत. आंबे येथील संस्थापक राजकुलातील नव्हेत. सेनापतीच्या घरातील एका स्त्रीने रणांगणी पडलेल्या भावाचे नाव देवास जोडले, आणि राजा त्या प्रसंगी पार्श्वभूमीस उभा आहे.

या संदर्भात फिमेआनाकस येथील संस्कृत लेख अवश्य पाहावा. सातव्या जयवर्म्याची राणी जयराजदेवी निवर्तल्यावर तिची ज्येष्ठ भगिनी इंद्रादेवी हिने तो रचला. इंद्रादेवी विदुषी होती, बौद्ध विहारात अध्यापन करीत असे, आणि पुढे तीच राजाची पट्टराणी झाली. आपल्या बहिणीचे विरहव्रत, तिची दाने, तिचे मरण हे सर्व तिने श्लोकबद्ध केले. लक्ष्मी ही देवालयाची संस्थापिका; इंद्रादेवी प्रशस्तीची कर्ती. दोघींमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक अंतर नाही, आणि दोघींस एकमेकींचे देश ठाऊक असण्याचा संभव नाही.

अंबेजोगाईस येणारा भाविक योगेश्वरीकडे जातो. कोकणातील अनेक कुलांची ती कुलस्वामिनी असल्याने तिच्या द्वारी दूरदेशीचे यात्रिक नित्य दिसतात. खोलेश्वराचे नाव गावातील महाविद्यालयाने चालू ठेवले आहे. लक्ष्मीचे नाव वाचावयाचे तर मात्र शके ११६२ च्या शिलालेखाकडेच जावे लागते.