चिपाडाचा जाळ

ऑलिव्हच्या बिया नि चेरीच्या कोया शेगडीत घालून युरोपात घरे उबदार ठेवतात, हे आपल्याकडे नवलाने सांगतात. कराड-वाळव्याच्या गुऱ्हाळवाल्याला त्याचे काय नवल? ज्या उसाचा रस, त्याच्याच चिपाडावर तो आटवायचा, ही इथली जुनी रीत.

हा जाळ सुधारला तो चुलाणात नव्हे, घाण्यात. लाकडी घाण्यातून निघालेले चिपाड ओलेकच्च. त्यात रसही वाया जाई आणि वाळायलाही वेळ लागे. 1870च्या दशकात बिहारमधल्या बिहियात लोखंडी लाटांचा चरक निघाला. पुढे 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगरांबरोबर चरकही बाहेर पडू लागले. ऊस घट्ट पिळला की रस वाढतो आणि चिपाड चटकन वाळते.

चिपाडाचा स्वभाव उतावळा. काडी लागताच भडकते, बघता बघता राख. म्हणून चुलाणाच्या तोंडाशी बसलेल्याचा हात थांबत नाही. वर काहिलीत मळी फुटली की ती काढायची, पाक दाटू लागला की गुळव्याने खालच्याला ‘जाळ कमी कर’ म्हणून हाक द्यायची. लाकडाचा निखारा असा हुकमासरशी उतरत नाही. चिपाड टाकणे थांबवले की जाळ बसतो. गुळाला हा उतावळेपणाच मानवला.

1930च्या दशकात फलटणजवळ साखरवाडीला कारखाना आला, 1950नंतर सहकारी कारखाने. टनभर उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे कारखान्यातले चिपाड, निघते. त्यात निम्मे पाणी, तरी बॉयलर चालतो. 2002मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने बगॅसपासूनच्या विजेचा दर ठरवला आणि बगॅस तोलूनमापून जपले जाऊ लागले.

मग उरले पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या गटाने 1990च्या दशकात ते गॅसिफायरमध्ये, म्हणजे कमी हवेत जाळून जळाऊ वायू काढणाऱ्या भट्टीत, घातले. पाचट हलके नि फुगीर, म्हणून बारीक तुकडे करावे लागत. त्याच्या गॅसवर भट्टी तापली, उरलेल्या कोळशाच्या कांड्याही झाल्या. सांगलीकडे हळदीच्या काहिलीखाली पाचट केव्हापासून जळते आहे. त्याला कुणी प्रयोग म्हटले नाही, एवढेच.

आता शेंगांची टरफले, भुसा दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ बॉयलरवाले ट्रकने मागवतात. पाचट मात्र खोडव्याच्या सरीत कुजवले तर ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो. गॅसिफायरसाठी ते मागायला येणाऱ्याने आता दर ठरवूनच यावे.