तंजावरचा सुसंवाद

सुसंवाद म्हणजे सर्वांनी एकच स्वर लावणे नव्हे. भिन्न स्वरांनी स्वस्थान न सोडता परस्परांस शोभा आणणे होय. स्वदेशापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस याचा दाखला तंजावरात सापडतो. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. त्यांचे पुत्र शहाजी राजे (१६८४–१७१२) यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू व हिंदी एकत्र नांदतात. सरफोजी राजांनी (१७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, आणि मुक्तांबा या आपल्या प्रियेच्या नावे ओरत्तनाडूस अन्नछत्र उभारिले. एका जिवावरील प्रेम असे वाटसरूंच्या पानापर्यंत पोहोचले. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी स्वकुलाचा इतिहास कोरविला, तो मात्र मराठीत. १८५५ साली गादी संपली. परंतु मराठी कीर्तनातील साकी, दिंडी व ओवी तमिळनाडूच्या हरिकथेत मिसळून राहिल्या.

आमच्या मुलाबाळांच्या मुखी मराठी राहावी, हीच मंडळाच्या पन्नास वर्षांची तळमळ आहे. दारे लावून ती राहणार नाही. शेजाऱ्यास काही देणारी आणि त्याच्याकडून घेणारी भाषाच परमुलखात रुजते, हे तंजावर आम्हांस सांगते.