मार्माइट ते मेथोट्रेक्सेट

कोल्हापूर भागात एखाद्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, असल्याचे कळले की आईवडिलांना आठवते ते मुंबईचे परळ. टाटा रुग्णालय तेथे १९४१ पासून आहे. आता कोल्हापुरातही कर्करोगावर उपचार होतात. तरी रात्रभर प्रवास करून परळ गाठणारी कुटुंबे आहेतच. या मुलांना जे मेथोट्रेक्सेट देतात, त्याच्या इतिहासाचे एक टोकही आपल्याला परळलाच सापडते.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या गंभीर पांडुरोगाचा अभ्यास त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत केला. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी घडायला ते लागतेच.

मग ल्युकेमियाच्या बेसुमार वाढणाऱ्या पेशींना ते वापरूच दिले नाही तर? बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी आधी मुलांना फॉलिक आम्लाचीच रूपे देऊन पाहिली होती. त्याने आजार बळावतो असे त्यांना वाटले. मूळचे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील गटाने अमिनोप्टेरिन बनवले. रचना फॉलिक आम्लासारखी, पण काम त्याला अडवण्याचे! १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत छापली. १० जणांत सुधारणा दिसली. ती टिकली मात्र थोडेच दिवस. त्या आईवडिलांवर काय गुदरले असेल, ते शोधनिबंधात कोठून येणार?

मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड. एका औषधाने भागत नाही हे कळल्यावर अनेक औषधे एकत्र आली. १९८४ पासून मुंबई, दिल्ली व मद्रासच्या केंद्रांनी एमसीपी ८४१ ही समान उपचारपद्धती वापरायला घेतली.

रुग्णालयातले महिने सरले की खरी पाळी घराची. सुमारे दोन वर्षे रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. मूल हसतेखेळते दिसते, तेव्हा आता गोळ्या कशाला, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटू लागते. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. ताप आला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते, कारण औषधांनी पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

असे मूल आपल्या वर्गात आले, तर त्याचा आजार इतरांना लागत नाही. उलट वर्गातल्या कांजिण्या मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतात. वर्गात कांजिण्यांचा एक जरी रुग्ण निघाला, तरी त्याच दिवशी त्या घरी निरोप पोचायला हवा.